पन्नास अक्षरांच्या फॉन्टला वर्ष का लागते?

आपण विचारले आहे की, मराठी वर्णमालेत जेमतेम पन्नासेक अक्षरे असताना देवनागरी फॉन्ट तयार करायला टाइप डिझायनर वर्ष-वर्ष का घेतात. मी याच व्यवसायात आहे, म्हणून सांगतो: सुटी अक्षरे काढून होतात त्या मानाने लवकर, खरा वेळ जातो तो ती अक्षरे एकमेकांना, मात्रांना आणि वेलांट्यांना जिथे येऊन मिळतात तिथे.

पहिली वेलांटीच पाहा. संगणक ती व्यंजनानंतर साठवतो आणि दाखवताना मात्र व्यंजनाच्या आधी मांडतो, पण ते काम आयते होते. डिझायनरपुढचा प्रश्न वेगळाच असतो. वेलांटीची कमान शिरोरेषेवरून वळून व्यंजनाच्या दंडावर, म्हणजे उभ्या रेघेवर, नेमकी टेकली पाहिजे, आणि तो दंड ‘मि’मध्ये उजव्या कडेला, ‘कि’मध्ये मधोमध असतो, तर ‘टि’मध्ये पूर्ण दंडच नसतो. एकच वेलांटी सगळीकडे वापरली, तर ती ‘रि’मध्ये पुढच्या अक्षरावर जाते आणि ‘कल्पित’मधल्या ‘ल्पि’वर अर्ध्यातच थांबते. म्हणून कमी-अधिक रुंदीच्या अनेक वेलांट्या काढाव्या लागतात आणि कोणत्या अक्षराला वा जोडाक्षराला कोणती लावायची, याचे नियम ओपनटाइप या फॉन्टच्या तांत्रिक स्वरूपात लिहावे लागतात. असेच रफाराचे, अनुस्वाराचे आणि उकारांचे.

हा त्रास संगणकाने आणलेला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे देखणे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, पाडले, तेव्हाही ते जुळवणाऱ्या जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांच्या केसी (खणांच्या पेट्या) असत, आणि ती संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही खटपट केली होती. पुढे टाइप डिझायनर र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट केला आणि तो विंडोज २०००बरोबर घरोघरी पोहोचला.

वजने, म्हणजे एकाच फॉन्टची बारीक ते ठळक अशी रूपे, वाढली की काम आणखी वाढते. सर्वांत बारीक आणि सर्वांत ठळक अशी दोन टोके काढून मधली वजने संगणकाकडून मिळवता येतात खरी, परंतु त्यासाठी दोन्ही टोकांत प्रत्येक आकृतीच्या बाह्यरेषेवरचे बिंदू सारख्याच संख्येने आणि त्याच क्रमाने असावे लागतात. ठळक टोकाला ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या पोटातली पांढरी जागा बुजू लागते, मग कुठे रेघ बारीक करा, कुठे शिरोरेषा उतरवा, असे अक्षरागणिक चालते. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट पाहिलात तर हे लगेच ध्यानात येईल. तिथे पोटातली जागा केवळ एका फटीएवढी उरली आहे, आणि तरी अक्षर वाचता येते. मला ते धाडस फार आवडते.

मराठीची म्हणून वेगळी कामे आहेतच. आपल्याकडचे ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीतल्या वळणाहून वेगळे आहे, आणि राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालाविषयक निर्णयातही या दोन अक्षरांचा विचार झाला आहे. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवून मजकूर मराठी असल्यास मराठी वळण दाखवण्याची सोय करता येते. अर्थात मजकुराची भाषा त्या त्या अ‍ॅपने फॉन्टला कळवली, तरच तिचा उपयोग. बाजारातले बरेच फॉन्ट केवळ हिंदी मजकुरावर तपासलेले असतात, असे माझे स्पष्ट मत आहे: ‘ळ’ शेवटी आठवण झाल्यासारखा काढलेला दिसतो आणि ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ लिहिले की ‘ऱ्ह’ कोलमडतो.

हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असल्यास ‘एक टाइप’चाच ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट उतरवून फॉन्टफोर्ज या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि त्यात पहिल्या वेलांट्या किती आहेत, तेवढ्याच मोजून पाहा.