पाढा पाठ झाला की मेंदूवर वळी पडते?

प्रश्न : माझा नातू चौथीत आहे. पाढे म्हणायला टाळाटाळ केली की त्याचे आजोबा म्हणतात, "एक पाढा पाठ झाला की मेंदूवर एक नवी वळी पडते." परवा पोरानं मलाच विचारलं, "मग गाढवाचा मेंदू गुळगुळीत असतो का गं आजी?" काय सांगू?
– एक आजी, सांगली

उत्तर : नसतो म्हणून सांगा. गाढवाच्या मेंदूला चांगल्या भरपूर वळ्या असतात. गंमत म्हणजे हाच वाद जुन्या ग्रीक वैद्यांतही झाला होता. माणूस हुशार तो वळ्यांमुळे, असं एरासिस्ट्रॅटसचं म्हणणं. चारेक शतकांनी गॅलेननं गाढवाचंच उदाहरण देऊन त्याची खिल्ली उडवली! डॉल्फिनच्या मेंदूवर तर आपल्याहून दाट वळ्या असतात. उंदराचा मात्र खरंच गुळगुळीत.

मी २७ वर्षं मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवली. फॉर्मॅलिनमधून, म्हणजे मेंदू टिकवून ठेवणाऱ्या उग्र वासाच्या द्रावातून, काढलेल्या मेंदूवरचा पातळ पडदा रक्तवाहिन्यांसकट चिमट्यानं सोलत गेलं की खाचा मोकळ्या होतात. मग कानाच्या वरच्या बाजूची मोठी खाच मी अंगठ्यांनी हलकेच फाकवायची. आत आणखी वळ्या! त्या भागाचं नावच 'इन्सुला', म्हणजे बेट. मुलं टेबलावर वाकून बघायची, वासाचा विसर पडायचा. मेंदूच्या बाहेरच्या थराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग असा खाचांत दडलेला असतो.

हा थर दोन ते चार मिलिमीटर जाड. पोटातल्या बाळाचा मेंदू पाचव्या महिन्यापर्यंत बराचसा गुळगुळीत असतो. पुढे बाहेरचा थर आतल्या भागापेक्षा भराभर पसरतो, जागा पुरत नाही, आणि घड्या पडतात. २०१६ साली हार्वर्डच्या एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी २२ आठवड्यांच्या गर्भाच्या एमआरआयवरून जेलीसारख्या मऊ पदार्थाचा मेंदू बनवला आणि द्रावणात बुडवला. वरचा थर फुगला आणि खऱ्यासारख्या वळ्या उठल्या. त्यात जिवंत पेशी एकही नव्हती.

दिवस भरून जन्मलेल्या बाळाला मुख्य वळ्या सगळ्या असतात, आणि बे एके बे येत नसतं. पाठांतरानं बदलतात ते पेशींमधले जोड. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आजोबांना तेवढी दुरुस्ती करायला लावा. सतराचा पाढा मात्र नातवाला माफ करू नका.