‘टेस्ट’ म्हणजे चाखणं की लागणं?

“मॅडम, घरात आम्ही मराठीच बोलतो, म्हणून हिचं इंग्रजी कच्चं राहिलं का? यादी घडाघडा म्हणते, पण पेपरात चुकतेच.” पंचवटीतल्या एका आईची ही तक्रार. मुलगी आठवीत, सेमी इंग्रजीला. सेमीतल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात.

वही उघडली आणि दुखणं सापडलं. पहिल्याच पानावर लिंकिंग व्हर्ब्जची, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणाऱ्या क्रियापदांची, पाठ केलेली यादी: बी, सीम, बिकम, लुक, टेस्ट, स्मेल, फील, ग्रो, टर्न. पुढच्या पानांवर यातलं जे दिसेल त्याखाली डोळे झाकून रेघ. ‘आजोबा टेस्टेड द ग्रेप्स’ याखाली रेघ आणि ‘द ग्रेप्स टेस्टेड सावर’ याखालीही.

तिला दोन्ही वाक्यं मराठीत म्हणायला लावली. “आजोबांनी द्राक्षं चाखली. द्राक्षं आंबट लागली.” म्हणता म्हणता ती थबकली. इंग्रजीत एकच शब्द, मराठीत दोन! चाखणं ही कृती. ‘लागली’ मात्र द्राक्षांना आंबटपणाशी नुसतं जोडतं. लुकचंही तसंच, बघणं आणि दिसणं. फील म्हणजे चाचपणं किंवा वाटणं. टर्न म्हणजे वळणं किंवा होणं. इंग्रजीने जे एका शब्दात कोंबलंय ते मराठीने आधीच वेगळं करून ठेवलंय. घरातली मराठी आड येत नव्हतीच, उलट तीच कामाला आली. ‘आंबट’सारखा जो शब्द अशा क्रियापदाचा अर्थ पुरा करतो, तो विधानपूरक; ‘राम राजा झाला’ यातला ‘राजा’ तसाच. इंग्रजीतलं कॉम्प्लिमेंट म्हणजे तेच.

शाळेत शिकवतात ती युक्ती, म्हणजे क्रियापदाच्या जागी इज, आर, वॉज, वेअर घालून बघायचं आणि वाक्य जमलं तर ते लिंकिंग धरायचं, चांगली आहे; पण अर्धवट वापरली तर फसवते. ‘द ग्रेप्स वेअर सावर’ जमतं. ‘शी लुक्ट अ‍ॅट द गोदावरी’ याचं मात्र ‘शी वॉज अ‍ॅट द गोदावरी’ होतं. कानाला अगदी बरोबर, फक्त त्यातलं बघणंच गेलं, ती नुसती नदीवर उरली. म्हणून वाक्य जमलं की अर्थ तोच राहिला का, हेही बघायचं. आणि इजसुद्धा दरवेळी लिंकिंग नसतो: ‘शी इज रीडिंग’ मधला इज जोडत नाही, तो रीडिंगचा मदतनीस.

गृहपाठ एवढाच दिला: रोज एकाच क्रियापदाची दोन वाक्यं, खाली मराठी. आठवड्याने तिने स्वतःची जोडी आणली: ‘काका ग्रू अनियन्स. काका ग्रू ओल्ड.’ खाली लिहिलं होतं, पिकवले, झाले.

एक खोड अजून आहे. क्रियापदापुढच्या शब्दाला एलवाय लावायचं हे डोक्यात इतकं पक्कं की ‘द मिल्क स्मेल्स बॅडली’ लिहिते. म्हणजे दुधाला वास घेणं नीट जमत नाही! वाईटपणा दुधाचा आहे, म्हणून विशेषणच हवं: बॅड.