बाप दारुडा आहे, भाच्याला कायदेशीर दत्तक घेता येईल का?

बहीण गेली, मेहुणा दिवसरात्र पिऊन पडलेला, सात वर्षांचा भाचा तुमच्याकडे राहतो आणि बाप दत्तकपत्रावर सही करत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

दत्तकाचं आत्ता डोक्यातून काढा. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल देण्याचा हक्क आईबापाचा, आई नसली की एकट्या बापाचा. तो पितो म्हणून हा हक्क जात नाही. संन्यास घेतला, धर्म सोडला, मूल टाकून दिलं किंवा कोर्टाने मनोरुग्ण ठरवलं, तरच त्याची संमती लागत नाही. स्टँपपेपरवर जबरदस्तीने सही घेतलीत तर पुढे तेच तुमच्या अंगाशी येईल. तुम्हाला हवंय ते पालकत्व. 1890 चा पालक व पाल्य कायदा, अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा कौटुंबिक न्यायालयात. बाप जिवंत असताना दुसरा पालक नेमायचा तर बाप अपात्र आहे हे कोर्टाला पटावं लागतं. सगळी लढाई त्या एका शब्दावर.

मी ती लढलेय. धाकटी बहीण वारली तेव्हा भाची दुसरीत होती. बाईंनी शाळेतून फोन करून सांगितलं की पोर डबा न घेता येते, कधी येतच नाही. मी जाऊन तिला घेऊन आले. बापाने काही महिने तोंड दाखवलं नाही, मग एक दिवस पिऊन दारात उभा राहिला, 'माझी पोरगी द्या' म्हणून. आणि माझा सख्खा मोठा भाऊ त्याच्या बाजूने! म्हणे पोरगी बापाचीच, कोर्टात गेलीस तर घराण्याची लाज वेशीवर टांगशील, चार माणसं बसवून मिटवू. चार माणसं बसली. बापाने देवाची शपथ घेतली, चहा झाला, आणि पोर परत पाठवायची असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही, तिला तर नाहीच.

मी पाठवली नाही. वकील गाठला. कोर्टात शपथा चालल्या नाहीत, कागद चालले: शाळेचा हजेरीपट, बाईंची साक्ष, बहीण असताना मारहाणीची पोलिसांत केलेली अदखलपात्र नोंद, व्यसनमुक्ती केंद्रातून अर्धवट निघून आल्याची नोंद. न्यायाधीश बाईंनी भाचीला आपल्या दालनात एकटीलाच बोलावलं. मूल समजतं असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते, हे त्याच कायद्यात आहे. चार माणसांच्या बैठकीत जे कोणाला सुचलं नाही ते तिथे आपणहून झालं. पालकत्व मला मिळालं, बापाला महिन्यातून ठरावीक रविवारी भेटायची मुभा. तो क्वचितच आला. भाऊ अजून म्हणतो मी घर मोडलं. ते घर पोरीच्या पोटाला दोन घास देत नव्हतं, मग मी मोडलं काय?

तेव्हा तुमच्याकडेही कोणी 'रक्ताचं नातं' सांगत बैठक बसवायला निघालं तर जाऊ नका. आजपासून कागद जमवा. मुलाला मारहाण होत असेल तर 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा, प्रकरण बालकल्याण समितीपुढे जाईल. अपात्र बापाचं मूल 2015 च्या बाल न्याय कायद्यात काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरतं.

दत्तकाचं दार कायमचं बंद नाही. याच 2015 च्या कायद्यात मामा, मावशी, काका, आत्या, आजीआजोबांना नात्यातलं मूल दत्तक घेता येतं. बाप संमती देण्याच्या स्थितीतच नसेल तर कायदेशीर पालकाला समितीच्या परवानगीने पुढे जाता येतं, म्हणून पालकत्व आधी. 2022 पासून या दत्तकाचा आदेश कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात.

एक राहिलं. बाप नुसता गरीब किंवा तापट असेल तर हे काही चालणार नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आई वारलेलं मूल तिच्या भावंडांकडून काढून बापाला दिलं, कारण बापात खोट नव्हती. 1956 चं जे सांगितलं ते हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरतं. 1890 आणि 2015 चे कायदे सगळ्यांना. आणि वकील कौटुंबिक न्यायालयात रोज उभा राहणारा बघा, ओळखीतला फौजदारीवाला नको.