नातवाला ठेवून घ्यावे का?

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचा मुलगा तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. सून आता धारवाडच्या एका शिक्षकाशी पुनर्विवाह करू इच्छिते. यजमानांचा लग्नाला होकार आहे, परंतु सहा वर्षांचा नातू घराण्याचा म्हणून येथेच राहील, अशी त्यांची अट आहे. त्यासाठी ते ‘वंशवृक्ष’चा दाखला देतात. ‘त्यांचे चुकते, असे म्हणण्याचा मला अधिकार आहे का?’ असे या भगिनी विचारतात.

ताई, आहे. भैरप्पांची १९६५ची ही कन्नड कादंबरी मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली. ती यजमानांनी अर्धीच वाचली असावी, असे मला वाटते. त्यातली विधवा सून कात्यायनी पुनर्विवाह करते, तिचा मुलगा आजोबांकडे, म्हणजे तिचे सासरे श्रोत्री यांच्याकडे, राहतो आणि तो विरह तिला अखेरपर्यंत पोखरत राहतो. पुढे उतारवयात श्रोत्रींना स्वतःच्याच जन्माचे रहस्य कळते: ज्या वंशासाठी आयुष्य वेचले, त्याचे रक्त आपल्यात नाहीच. म्हणजे नात्याचा आधार रक्त की माया, हा प्रश्न लेखकाने श्रोत्रींपुढेच ठेवला आहे. अट घालण्यासाठी मात्र या पुस्तकाची साक्ष काढता येत नाही.

नातू झोपेतही आईच्या पदराचे टोक मुठीत धरून ठेवतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्यापुढे मला कायदा सांगण्याचीही गरज वाटत नाही. तरी सांगते, की वडिलांच्या पश्चात आईच मुलाची नैसर्गिक पालक असते आणि केवळ पुनर्विवाहामुळे तिचा तो हक्क जात नाही. वडिलांच्या मालमत्तेतील नातवाचा वाटाही कायम राहतो, तेव्हा शेताच्या उताऱ्यावर त्याचे नाव आताच लावून घ्यावे.

‘पोरगं कन्नड शाळेत गेल्यावर माझ्याशी कुठल्या भाषेत बोलेल?’ हे यजमानांचे वाक्य मात्र मी दोनदा वाचले. हट्टामागची खरी भीती तीच आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आपल्या भागातली मुले दोन्ही भाषा अंगणातच उचलतात, हे खरे. पण घरात मराठी बोलणारे कोणी असेल तरच ती टिकते. म्हणून लग्नाच्या बैठकीत अट मागे घ्यावी आणि सुनेकडे दोनच गोष्टी मागाव्यात: रोज रात्री आजोबांचा फोन आणि मे महिन्याची पूर्ण सुट्टी खानापुरात. धारवाडला नातवाला पोहोचवायला यजमानांनी स्वतः जावे. त्याचे दप्तर त्यांच्याच हाती द्यावे.