विकतची राणीमाशी पारखायची कशी?

प्रश्न : मधमाश्यांच्या पेटीसाठी नवीन राणीमाशी घेतली. ज्या छोट्या पिंजरीतून आली तिच्यातून निघाली तेव्हा बारीक दिसत होती. फसलो का?

उत्तर : एवढ्यावरून नाही म्हणता येणार. पिंजरीत अंडी घालणं थांबतं, पोट आक्रसतं. अंडी घालू लागली की ते पुन्हा भरतं. मी पाहते ते पाय आणि पंख. लंगडणारी किंवा फाटक्या पंखांची राणी मी ठेवून घेत नाही.

खरी परीक्षा चौकटीवर, म्हणजे पेटीतलं पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटीवर. राणी सुटल्यावर आठवडाभर पेटी उघडू नका. सारखी ढवळाढवळ झाली तर माशा तिलाच मारतात. मग ऊन पाठीवर घेऊन चौकट तिरपी धरा. पोळ्यातल्या घराच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखं एकेक अंडं उभं दिसलं पाहिजे. सुरुवातीला कुठे दोन दिसली तर घाबरू नका.

युरोपीय माशीत अंडं घातल्यापासून नवव्या दिवसाच्या सुमारास घरं मेणाच्या झाकणाने बंद होतात. झाकणं सपाट आणि सलग हवीत. कामकरी माशांच्या घरांवर फुगीर झाकणं दिसली तर त्यांत नर वाढताहेत; राणीचं मीलन नीट झालेलं नाही, ती बदलून मागा. मधे बरीच घरं रिकामी असतील तर राणीचं नात्यातल्या नरांशी मीलन किंवा रोग, दोन्ही तपासा.

स्वभावाचा निवाडा मात्र दीड-दोन महिन्यांनी. तोवर पेटीत जुन्या राणीच्याच लेकी असतात, त्यांच्या डंखांचा दोष नवीला देऊ नका.