1951 च्या शेवरले ट्रकच्या केबिनचा फ्लोअर: योग्य भाग कसे ओळखावेत, मुंबईत कुठे शोधावेत?

तुमची गाडी 1951 ची शेवरले 3100, स्टिअरिंग उजवीकडे, केबिनचा तळ सडलेला. अमेरिकेतून तयार फ्लोअर मागवला तर बसेल का आणि मुंबईत काय मिळेल, असा तुमचा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत असं की अख्खा फ्लोअर मागवू नका. तिथले तयार फ्लोअर डाव्या स्टिअरिंगसाठी दाबलेले असतात. क्लच-ब्रेकच्या दांड्यांची भोकं, स्टिअरिंगच्या खांबाची फट, मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल घालायचं झाकण, हे सगळं चुकीच्या बाजूला येतं. ती भोकं बुजवून दुसरीकडे नवी पाडण्यात जेवढं काम जातं, त्यापेक्षा कमी कामात चांगला तळ होतो.

आधी एक तपासणी करा, कारण यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना 1928 ते 1954 चालला. त्या काळात आपल्याकडे अनेक ट्रक नुसती चासी आणि काऊल (विंडशील्डखालचा पुढचा पत्र्याचा भाग) एवढेच विकले जात, आणि केबिन इथला बॉडीबिल्डर लाकूड-पत्र्यात बांधायचा. तुमची केबिन तशी असेल तर टो-बोर्डच्या (पेडलांपाशी वर चढणाऱ्या तिरक्या तळाच्या) मागे कंपनीचा भाग नव्हताच. तिथे सागाच्या फळ्या हाच खरा फ्लोअर, आणि अमेरिकन पत्रा तिथे कधीच बसणार नाही. ओळखायला सोपं: दाराच्या खांबावर आणि मागच्या भिंतीवर आतून चुंबक फिरवा. अस्तराखाली लाकडी चौकट लागली, तर काम सुताराचं आहे. सगळीकडे दाबलेला पत्रा आणि स्पॉट वेल्डचे ठिपके दिसले, तर केबिन कंपनीची. पुढचं त्याच केबिनसाठी.

हे केबिन 1947 च्या मध्यापासून 1955 च्या सुरुवातीपर्यंत चाललं आणि त्याच वर्षांच्या जीएमसीलाही (जनरल मोटर्सचेच दुसऱ्या नावाचे ट्रक) तेच होतं, म्हणून जीएमसीच्या नावाने दिसणारा भागही सोडू नका. 1955 मात्र फसवं वर्ष आहे. त्या साली आधी जुनं केबिन आणि नंतर पूर्ण नवं, असं दोन्ही निघालं. विक्रेत्याने नुसतं '1955' लिहिलं असेल तर पहिली मालिका की दुसरी, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

गिअरबॉक्सवरचं झाकण हा फ्लोअरचा सर्वांत जास्त चुकणारा भाग. 1947 मध्ये तीन गिअरचा दांडा फ्लोअरवर होता; 1948 पासून अर्ध्या टनाच्या गाडीत, म्हणजे तुमच्या 3100 च्या वर्गात, तो स्टिअरिंगच्या खांबावर गेला. चार गिअरच्या गाडीत दांडा फ्लोअरवरच राहिला. त्यामुळे वर्ष सांगून झाकण मागू नका, गिअरबॉक्स बघून मागा. आणि इथल्या पुष्कळ जुन्या ट्रकमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असतं, त्या वेळी झाकण कापून वाढवलेलं असतं. तुमचं तसं असेल तर तो नमुना म्हणून वापरू नका. मूळ कडेच्या बोल्टच्या भोकांवरून माप काढा, ती सहसा शाबूत राहतात.

आता पत्रा. अमेरिकेतून मागवायचाच तर प्रवाशाच्या बाजूचा, म्हणजे उजवीकडचा, भोकं नसलेला अर्धा फ्लोअर मागवा. तो तुमच्या ड्रायव्हरच्या बाजूला येतो आणि पेडलची भोकं जुन्या पत्र्यावरून पाडता येतात. डावी बाजू इथे बनवून घ्या. त्यासाठी 18 गेजचा, म्हणजे 1.2 मिलिमीटरचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा लागतो. दुकानात गेज न सांगता मिलिमीटर सांगा आणि मायक्रोमीटरने मोजून घ्या: ब्रिटिश गेज आणि अमेरिकन गेज 18 ला जुळतात, पण 16 ला एक 1.6 निघतो आणि दुसरा 1.5. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा लवकर गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर विषारी असतो आणि जोडही सच्छिद्र राहतो. फ्लोअरच्या दाबलेल्या नाळ्या गाळू नका. सपाट पत्रा चालत्या गाडीत डब्यासारखा वाजतो.

जुना फ्लोअर कितीही सडका असला तरी पेडलच्या भोवतीचा तुकडा अखंड कापून ठेवा. तोच तुमचा फर्मा, आणि उजव्या स्टिअरिंगसाठी दुसरा कुठे मिळेलच असं नाही. कापण्याआधी दोन्ही दारांच्या फटी चारही बाजूंनी मोजून लिहा आणि दारांच्या चौकटीत आतून 25 मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा-तिरपा टाका. एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम उघडल्या की केबिन मागच्या माउंटवर बसतं, आणि नंतर दार लागत नाही म्हणून बिजागऱ्यांना दोष दिला जातो. जोडाला 8 मिलिमीटरची भोकं पाडून सीओटू वेल्डिंगने प्लग करा, मध्ये वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर, वर सीम सीलर. डेंटर पितळेने जोडू म्हणाला तर नको म्हणा.

बोल्टसाठी नागदेवी स्ट्रीट. तिथे 'यूएनसी' (अमेरिकन जाड आटे) असं म्हणूनच मागा. पाव इंच आणि 5/16 इंचात व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, आटे इंचाला तेवढेच, 20 आणि 18, म्हणून नट चढतो. पण आट्याचा कोन 55 अंशांचा, अमेरिकन 60 चा. घट्ट केल्यावर पकड अर्धवट राहते आणि ट्रकच्या हादऱ्याने सुटते. अर्ध्या इंचाला तर 12 आणि 13 असा फरक पडतो, तो बोल्ट चढतच नाही. रबरी शीटही नागदेवीलाच घ्या. पेडलचे रबर, दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या अशा किरकोळ वस्तूंसाठी चोरबाजार आणि कुर्ल्याचे भंगारवाले, पण जुना तुकडा हातात घेऊन जा. तोंडी वर्णनावर भलतंच काही मिळतं.

शेवटी मॅट. मूळ गाडीत काळी रबरी मॅट आणि खाली नमदा असायचा. मुंबईच्या पावसाळ्यात तोच नमदा पाणी धरून ठेवतो आणि फ्लोअर वरून खाली सडतो. नवा नमदा टाकण्याआधी विंडशील्डचं आणि काऊल व्हेंटचं रबर बदला. मग उघड्या फ्लोअरवर वर्तमानपत्रं पसरून बाहेरून 15 मिनिटं पाइपने पाणी मारा. कागद कुठे भिजला ते बघा, ती जागा बंद करा आणि पुन्हा मारा. कागद पूर्ण कोरडा निघाल्यावरच मॅट टाका.