दहावीत दोन विषय राहिलेल्या मुलाने नाशिकमध्ये कोणता मोफत कोर्स करावा, म्हणजे नोकरी लागेल?

तुम्ही लिहिलंय की भाचा १८ वर्षांचा, सुरगाण्याचा, दहावीत गणित आणि इंग्रजी राहिलंय. एक संस्था ३ महिन्यांचा मोफत कोर्स आणि वर नोकरीची हमी देतेय, तर तिथे घालावं का.

मी म्हणेन, आधी आयटीआय बघा. अंबड एमआयडीसीत मी एका मशीन शॉपला सुपरवायझर आहे, नवीन पोरं माझ्याच हाताखाली येतात. ३ महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्याच्या हातात मी वर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि एक शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा देतो, ‘डाया सांग’, म्हणजे व्यास सांग म्हणतो. मेन स्केल, म्हणजे मोठी पट्टी बरेच जण वाचतात. पुढे सरकत्या पट्टीवरची कुठली रेघ जुळली ते बघून तिला ०.०२ ने गुणायचं, तिथे गाडी अडते. पोरं मठ्ठ नसतात हो, बॅचभर पोरांत एखादाच वर्निअर असतो, तोही कपाटात. मग असा मुलगा ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागतो आणि संस्थेच्या कागदावर ‘प्लेसमेंट’ झाली असं येतं. सगळेच तसे नसतात. पारख करायची तर मागच्या बॅचच्या चार मुलांचे नंबर मागा आणि एवढंच विचारा: पगाराच्या स्लिपवर नाव कंपनीचं की ठेकेदाराचं, आणि पीएफ कापतात का? नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

दहावी राहिली म्हणून आयटीआयचं दार बंद होत नाही. वेल्डर आणि वायरमनला आठवी पास चालतो. वेल्डर १ वर्षाचा, वायरमन २ वर्षांचा. प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन, राज्यभर एकाच पद्धतीने होतो. सरकारी आयटीआय सुरगाण्यात आहे, इकडे सातपूरला त्र्यंबक रोडवरही आहे. कंपन्या शेजारीच असल्याने मी पसंतीच्या यादीत सातपूर वर टाकेन, पण रोजचं जाणं-येणं जमणार नाही, राहावं लागेल.

आणि पोरं गळतात ती इथेच. सरकारी फी फारशी नसते, पण खोलीभाडं आणि खानावळ कोण भरणार? त्यात ऑक्टोबरात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची छाटणी सुरू झाली की घरची माणसं मजुरीला निघतात. रोख पैसा दिसतो, पोरगंही जातं, आणि परत येईतोवर हजेरी गेलेली असते. तेव्हा बहिणीशी आणि दाजींशी फॉर्म भरायच्या आधीच स्पष्ट बोलून घ्या. भाचा आदिवासी असेल तर आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाची चौकशी लगेच करा, जातीचा दाखला काढून ठेवा.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून काम, सोडू नका. त्यासाठी ओळख लागते असं गावाकडे बरेच जण समजतात. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला कायद्यानेच अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा आणि सातपूर-अंबडच्या गेटांवर बायोडेटा द्या. दरमहा विद्यावेतन मिळतं. आमच्याकडे कायम झालेली बरीच मुलं याच वाटेने आलीत.

त्याला गावातच राहायचं असेल तर गोष्ट वेगळी. जिल्ह्याची अग्रणी बँक चालवते त्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) राहून-जेवून मोफत शिकता येतं, मोटर रिवाइंडिंगसारखी कामं असतात. पण ते स्वतःच्या धंद्यासाठी, नोकरीसाठी नाही.

राहिलेले दोन विषय जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला सोडवून घ्या, म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियनसारखे दहावी पास लागणारे आयटीआयचे कोर्सही उघडतात.

भाच्याला स्वतःला काय करायचंय हे तुमच्या प्रश्नात कुठे आलं नाही. सुरगाण्यात ग्रिल-गेट बनवणारं एखादं दुकान असेलच. फॉर्म भरण्याआधी आठवडाभर त्याला तिथे मदतीला जाऊ द्या. वेल्डिंगची धग आणि धूर सोसत नसेल, तर पहिला पर्याय वायरमन टाका.